सही केली म्हणजे अडकलो, असे नाही

नागपुरात, विशेषतः मेडिकल चौकाच्या परिसरात खोली करून राहणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो: औषध चाचणीच्या कागदावर एकदा सही केली की मध्येच निघता येत नाही, निघाल्यास एक रुपयाही मिळत नाही.

ही भीती समजण्यासारखी आहे. जेनेरिक औषधांच्या चाचणीत निरोगी स्वयंसेवकाला केंद्रातच मुक्काम करावा लागतो, हातात सुई बसवून ठरलेल्या मिनिटाला रक्त घेतले जाते, जेवणही सर्वांना एकसारखे आणि एकाच वेळी मिळते, त्यामुळे आपण कोंडले गेलो आहोत असे वाटू शकते. पण ही शिस्त रक्तातील औषधाचे प्रमाण अचूक मोजण्यासाठी असते. संमतीपत्र हा नोकरीचा करार नव्हे. भारतातील औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार सहभाग ऐच्छिक असून कोणत्याही क्षणी, कारण न देता बाहेर पडता येते. मध्येच निघाल्यास जितका सहभाग झाला त्या प्रमाणात मोबदला द्यावा, हे संशोधनातील मान्य तत्त्व आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळतात.

पडताळणी अवघड नाही. सहीपूर्वी माहितीपत्रक मराठीत मागावे, त्यातील मोबदल्याचा परिच्छेद सावकाश वाचावा आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण ती मिळणे हा आपला हक्कच आहे. स्वयंसेवकांच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या नीतिमत्ता समितीचा दूरध्वनी क्रमांक त्याच कागदांत असतो. शंका असल्यास तिथे थेट विचारावे. प्रत देण्यास कोणी टाळाटाळ केली, तर सही करू नये.