डवरा, विळा की फवारा? आधी तण उपटून पाहा

विदर्भात जुलैची झड लागली की काळ्या रानात बैल घालता येत नाही. पाय रुततात, डवऱ्याच्या (पिकाच्या ओळींमधलं तण कापणाऱ्या बैलांच्या अवजाराच्या) पासेला, म्हणजे पात्याला, चिखल धरतो. वाफसा येईस्तोवर, म्हणजे रान मशागतीजोगं सुकेस्तोवर, तण वितभर होतं, आणि नेमके हेच दिवस पिकाच्या जिव्हारी लागणारे असतात. सोयाबीनला पेरणीनंतरचे साधारण पहिले ४५ आणि पऱ्हाटीला (कापसाला) ६० दिवस तणाचा त्रास झाला नाही, तर पुढे उगवणारं तण फारसं नुकसान करत नाही. तोवर पिकाची सावली दोन ओळींमधल्या जागेत पसरलेली असते.

या दिवसांत कोणता उपाय चालेल हे तण जमिनीखाली कसं आहे त्यावर ठरतं. विळ्याने हळूच खणून लव्हाळा या तणाचं एक झाड सबंध काढून पाहा. तळाशी काळपट गाठ, तिच्यातून निघालेला दोऱ्यासारखा तंतू, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, पुढे तिसरी. माळ अखंड असते तोवर बऱ्याच गाठी झोपलेल्या राहतात. डवऱ्याने ती तोडली की सुटी झालेली गाठ कोंब काढते. म्हणून लव्हाळ्याच्या पट्ट्यात एकदाच डवरून थांबलं, तर रान आधीपेक्षा दाट दिसू लागतं. थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा डवरलं, तर मात्र गाठीतला साठा कोंब काढण्यातच संपत जातो. या तणावर सर्वांत मोठा घाव आपल्याकडचं ऊनच घालतं. उन्हाळी नांगरटीत वर आलेल्या गाठी मे महिन्याच्या तापात वाळून मरतात.

केना या तणाची गोष्ट वेगळी. त्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि तो जमिनीखालीही फुलं धरतो. ती न उमलताच बी तयार करतात. डवरणीनंतर पाऊस आला, तर तुटलेले तुकडे पुन्हा धरतात. तो निंदून शेताबाहेरच काढावा लागतो. रोपाच्या बुडाशी बिलगलेलं तणही हातानेच निघतं. चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही ओळी जुळतील अशा, लावलेल्या पऱ्हाटीत उभी-आडवी डवरणी झाली तरी तेवढं उरतंच. निंदणाला येणाऱ्या बायांची नजर यंत्राला अजून आलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. पण ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत, म्हणून शेतकरी फवाऱ्याकडे वळतो. त्याला दोष देता येणार नाही.

फवाऱ्याची तण मारणारी औषधंही एकसारखी नाहीत. पेंडीमिथॅलिन पेरणीनंतर, उगवणीआधी ओल्या जमिनीवर मारायचं. ते उगवू पाहणाऱ्या कोंबाची वाढ थांबवतं, उभ्या तणाला काही करत नाही. इमॅझेथापायर तणाला दोन-तीन पानं असताना चालतं. ते काही अमिनो आम्लं तयार होऊ देत नाही. सोयाबीन हे औषध झपाट्याने पचवून टाकतं, तणाला ते जमत नाही. तेच औषध वाऱ्याने शेजारच्या पऱ्हाटीवर गेलं, तर पऱ्हाटी करपते.

ग्लायफोसेट पानातून थेट गाठीपर्यंत उतरतं, म्हणून लव्हाळ्यावर ते हमखास वापरलं जातं. मात्र ते पीकही मारतं. ते सोसणाऱ्या एचटीबीटी (जनुकांत बदल केलेल्या) कापसाला आपल्या देशात परवानगी नाही, तरी त्याचं बियाणं चोरून विकलं जातं. शिवाय नाल्याचं गढूळ पाणी पंपात भरलं, तर ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. केना तर त्याला फारशी दाद देतच नाही. बाकीचं तण मरतं आणि मोकळ्या जागेत केना पसरतो. एकच औषध दरवर्षी मारलं की न मरणाऱ्या तणाचंच बी रानात वाढत जातं.

बियापासून येणाऱ्या तणासाठी बिनखर्चाचा जुना उपाय आहे. मृगाच्या पावसावर पहिला हिरवा थर उगवू द्यायचा, मग वखराची (मातीचा वरचा थर कापणाऱ्या बैलांच्या अवजाराची) पाळी देऊन पेरायचं. पाळी उथळच हवी. खोल गेलं की खालचं बी वर येतं, त्याला उजेड लागतो आणि ते नव्याने उगवतं. पाऊस उशिरा आला, तर पेरणी लांबवणं परवडत नाही. त्या वर्षी हा उपाय सोडून द्यावा लागतो.