लिहिणाऱ्याचा शीण आणि शेजारची खुर्ची

इंदूरमधल्या मराठी लिहिणाऱ्यांचं वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरतं. पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईच्या संपादकांचे फोन येऊ लागतात, गणपतीपर्यंत मजकूर पोचवायचा असतो, आणि ऐन पितृपक्षात 'दोनशे शब्द कमी करता येतील का?' असा निरोप येतो. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही लगबग. अंक येतात, फराळाबरोबर चाळले जातात, आणि तुळशीचं लग्न आटोपता आटोपता कित्येकांचं लिखाण ठप्प होतं ते होळीपर्यंत. राजवाड्याजवळ कोणी गाठून "काय, लिहून राहिले की नाही?" असं खास इंदुरी मराठीत विचारलं, की उत्तर ठरलेलं : "सुचत नाही हो सध्या."

असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना सुचत असतं, हे थोडं खोदून विचारलं की कळतं. दोन कथांचे आराखडे डोक्यात तयार असतात, एखादी कविता अर्धी झालेली असते. ते कागदावर उतरवायचं त्राण मात्र उरलेलं नसतं. न सुचणं वेगळं आणि शिणून जाणं वेगळं. दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

या शिणण्याला बर्नआउट म्हणतात. मानसशास्त्रात हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ सालच्या लेखामुळे रुळला. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात हौसेने सेवा द्यायला आलेली माणसं काही महिन्यांतच थकताना, चिडचिडी होताना आणि कामातून मनाने उठून जाताना त्यांनी पाहिली होती. ज्यांनी सगळ्यात जास्त जीव लावला तीच आधी खचली, हे त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं. पुढे १९८१ साली क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी ही अवस्था मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी तपासतात : थकवा, कामापासून आणि माणसांपासून आलेलं तुटलेपण, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

लेखकाच्या बाबतीत थकवा चटकन दिसतो, तिसरी भावनाही तो स्वतःच बोलून दाखवतो. फसवं असतं ते तुटलेपण. 'हल्ली वाचतं कोण?', 'संपादकांना काय कळतं?', 'सगळे एकमेकांच्या पाठी थोपटतात' ही वाक्यं साहित्यिक गप्पांत चातुर्य म्हणून खपून जातात, टाळीही मिळवतात. पूर्वी असं न बोलणारा माणूस अलीकडे फक्त हेच बोलत असेल, तर त्याच्याकडे थोडं लक्ष द्यावं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही. नोकरीव्यवसायाशी निगडित एक अवस्था, एवढंच त्याला म्हटलं. ही व्याख्या काटेकोर लावायची तर आपल्यातले बहुतेक लेखक तिच्यात बसणार नाहीत, कारण मराठी लिखाणावर पोट कोणाचं चालतं? पण ताणाच्या बाबतीत शरीर पगारपत्रक बघत नाही. दिवसभर बँकेत नाहीतर शाळेत हिंदी-इंग्रजीत काम करून रात्री मराठीत लिहायला बसणाऱ्याची ती दुसरी पाळीच असते.

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी नंतर या अवस्थेमागची सहा कारणं मांडली : कामाचा बोजा, कामावर ताबा नसणं, मोबदला न मिळणं, सोबत तुटणं, अन्याय, आणि मूल्यांचा झगडा. इंदूरच्या मराठी लेखकाला सहाही कमीजास्त लागू पडतात, पण चौथं जरा जास्तच. त्याचे वाचक, संपादक, समीक्षक सहाशे किलोमीटर लांब. गल्लीत मराठी ऐकू येते, पण गल्लीतल्या माणसाला त्याची कथा छापून आल्याचा पत्ता नसतो. बोजा आणि मानधन हे एकट्यादुकट्याच्या हातातले विषय नाहीत. सोबत मात्र जमवता येते.

आता सोबत म्हटली की आपल्याकडे लगेच कार्यक्रम डोळ्यासमोर येतो. मंच, समई, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ. इंदूरला त्याची मोठी परंपरा आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वर्षी इथे भरलं. संमेलनाने अभिमान वाटतो, पुस्तकं विकली जातात, जुने स्नेही भेटतात. शिणलेल्या माणसाचा हात पुन्हा चालू व्हायला त्याचा उपयोग होतो, असं मला वाटत नाही. का, याचं उत्तर मानसशास्त्राच्या एका जुन्या आणि मजेदार शाखेत आहे.

माणसासमोर माणूस बसला की काम कसं बदलतं, हा प्रश्न नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली घेतला. सायकलस्वार एकटे असताना जितके वेगाने जातात त्यापेक्षा बरोबर कोणी असलं की जास्त वेगाने जातात, हे शर्यतींच्या नोंदींत त्यांना दिसलं होतं. पण नंतरच्या प्रयोगांत गोंधळ झाला. कधी माणसं असली की काम सुधारायचं, कधी बिघडायचं. १९६५ साली रॉबर्ट झायन्स यांनी त्यातून वाट काढली. इतरांच्या हजेरीने मेंदू अधिक जागा होतो, आणि मग जे अंगवळणी पडलेलं असतं तेच जोरात बाहेर येतं. सोपं, सरावाचं काम त्यामुळे भराभर होतं. नवं आणि अवघड काम अडखळतं. १९६९ साली त्यांनी हे झुरळांवरही करून पाहिलं. पारदर्शक खोक्यांत बसलेली प्रेक्षक झुरळं बघत असताना धावणारं झुरळ सरळ वाटेवर जास्त जोरात पळालं, वळणाच्या वाटेवर जास्त घोटाळलं. कविसंमेलनात नेहमीची टाळीची कविता झकास होते आणि कालच लिहिलेली कोसळते, ते यामुळेच असावं.

म्हणजे नवं लिहायचं असेल तर लोक जवळ नकोत? इथे १९६८ सालचा निकोलस कॉट्रेल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग कामाला येतो. त्यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. माणसं त्याच खोलीत होती, पण बघू शकत नव्हती, आणि हजेरीचा तो परिणाम दिसेनासा झाला. माणसाला जाचते ती शेजाऱ्याची नजर, त्याचं मत. नुसता शेजार जाचत नाही.

हे कळल्यापासून मला आमच्या रामबागेतल्या बैठकीचं गमक समजलं. सात-आठ माणसं, महिन्यातून दोन रविवार, एका निवृत्त गणित-शिक्षिकेच्या माडीवर. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो, वयाने मोठे असलेलेही. काकू दारातच स्टीलचा उभा डबा पुढे करतात, त्यात मोबाइल टाकायचे. मग पाऊण तास सगळ्यांनी आपापल्या वहीत किंवा लॅपटॉपवर लिहायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. दिवाणावर दोघं, वेताच्या खुर्च्यांवर तिघं, एकजण कायम जिन्याच्या पायरीवर. प्रत्येकाचं डोकं आपल्या कागदात, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर कॉट्रेलची पट्टी. खालच्या मजल्यावरचा कुकर शिट्ट्या देतो, रस्त्यावर कबाडीवाला ओरडतो, कोणी हलत नाही.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे येऊ लागले तेव्हा त्यांची कादंबरी कित्येक वर्षं मध्येच अडकलेली होती. पहिल्या बैठकांना त्यांनी एकही नवं वाक्य लिहिलं नाही. जुन्या वहीतली आपलीच पानं नव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. काकूंनी एका शब्दाने विचारलं नाही. उतरवता उतरवता ते एखादं विशेषण गाळू लागले, एका ठिकाणी संवाद बदलला, समासात बाण काढून चार ओळी वाढवल्या. झायन्स यांच्या हिशेबाने बघितलं तर त्यांनी नकळत बरोबर क्रम धरला होता : माणसांत बसल्यावर आधी सरावाचं काम, त्यातून हात सैल झाला की नवं.

ही युक्ती काकूंची एकटीची नाही. स्कॉटलंडमध्ये रोवेना मरी यांनी प्राध्यापक-संशोधकांसाठी लेखन-शिबिरं घेतली. त्यांत सगळे एकाच खोलीत, ठरलेल्या वेळी, आपापलं लिहीत बसतात, जुन्या कचेऱ्यांतल्या टायपिस्टांच्या खोलीसारखे. अनोळखी माणसांत हे तितकंसं साधत नाही, असा माझा अंदाज आहे, आणि त्याला एक आधारही आहे. जेम्स कोअन यांनी २००६ साली सोळा विवाहित स्त्रियांच्या मेंदूचं चित्रण केलं. विजेचा हलका झटका बसणार आहे अशी सूचना दिसताच मेंदूचे धोका हाताळणारे भाग पेटायचे. नवऱ्याचा हात हातात असला की ते बरेच शांत राहायचे, परक्याच्या हाताने कमी, आणि ज्यांचं नातं चांगलं त्यांना हा फायदा जास्त. कोरा कागद म्हणजे विजेचा झटका नव्हे, हे मान्य. पण सोबतीचा आधार ओळखीतून आणि विश्वासातून येतो एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. ओळख व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणून माणसं दर वेळी तीच असलेली बरी.

रोज थोडं लिहिण्याच्या बाजूने सगळ्यात जास्त उद्धृत होणारा प्रयोग रॉबर्ट बॉइस यांचा, १९८३ सालचा. लिखाण अडल्याची तक्रार असलेले २७ प्राध्यापक, तीन गट, दहा आठवडे. एका गटाला तातडीचं सोडून काही लिहायचं नाही असं सांगितलं, दुसऱ्याला मनात येईल तेव्हा लिहा म्हटलं, तिसऱ्याला ठरलेल्या वेळी लिहावंच लागे, नाहीतर नावडत्या संस्थेला पैसे जात. तिसऱ्या गटाची पानं तर जास्त भरलीच, पण नव्या कल्पनाही त्यांनाच सर्वांत जास्त सुचल्या. कल्पनेची वाट बघत बसणारे मागे पडले. प्रयोग छोटा आहे, आणि त्यातला दंडाचा भाग मला शिणलेल्या माणसाला लावावासा वाटत नाही. वेळ ठरलेली असावी, इतपत ठीक.

बैठकीत लिहून झाल्यावर बोलणं आलंच, आणि घसरायच्या जागा इथेच आहेत. एक म्हणजे सगळ्यांनी मिळून विषय काढणं. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबं यांनी १९८७ साली दाखवलं की गटात बोलून जेवढ्या कल्पना निघतात, त्यापेक्षा तितक्याच माणसांनी एकेकट्याने लिहून जास्त निघतात. कारण साधं आहे. दुसरा बोलत असताना आपल्याला थांबावं लागतं, आणि थांबण्यात डोक्यातलं विरून जातं.

दुसरी जागा अभिप्रायाची. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली अशा अभ्यासांचे ६०७ निष्कर्ष एकत्र केले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा झाला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम आधीपेक्षा बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की नुकसान होतं, असा त्यांचा सिद्धान्त आहे. 'तिसऱ्या परिच्छेदात आजी कोणाशी बोलतेय ते कळत नाही' हे कामाबद्दल झालं. 'तुमच्या लेखणीत आता ती धार राहिली नाही' हे माणसाबद्दल, आणि स्तुतीलाही हेच लागू. 'तुम्ही तर आमच्या इंदूरची शान!' ऐकल्यावर पुढची ओळ लिहिणं सोपं होत नाही.

तेरेसा अमाबिले यांचा १९८५ सालचा प्रयोग याहून बारीक आहे. बहात्तर तरुण लेखकांनी आधी बर्फावर एक छोटी कविता लिहिली. मग काहींना लिहिण्याची आतली कारणं, म्हणजे लिहिण्याचा आनंद वगैरे, क्रमाने लावायला सांगितली, काहींना नाव, पैसा अशी बाहेरची, आणि राहिलेल्यांना कारणांबद्दल काहीच विचारलं नाही. त्यानंतर सगळ्यांनी हास्यावर कविता लिहिली. कवींनी परीक्षण केलं तेव्हा बाहेरच्या कारणांचा नुसता विचार केलेल्यांच्या कविता फिक्या पडल्या होत्या. काही मिनिटांच्या विचाराने एवढं होत असेल, तर वर्षभर 'कुठे छापून येणार आहे?' हे ऐकणाऱ्याचं काय होत असेल? काकूंच्या माडीवर हा प्रश्न विचारायला बंदी आहे. छापून आलेल्याने आपणहून अंक आणला तर तो पोह्यांच्या वेळी फिरतो.

झोप उडाली असेल, खाण्यापिण्यावरून वासना गेली असेल, लिखाणाबरोबर बाकी सगळंच नकोसं झालं असेल, तर मात्र बैठक पुरी पडत नाही. तो नैराश्याचा भाग असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टर लागतात. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. अशा माणसाला 'ये रविवारी, बरं वाटेल' म्हणून बोलवत राहणं चांगल्या हेतूने केलेला त्रास आहे.

राहिली विश्रांती. झाबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ साली कामाचा शीण उतरवणारे चार अनुभव मोजायची पद्धत दिली : कामाचा विचार सुटणं, शरीर-मन सैलावणं, दुसऱ्या एखाद्या गोष्टीत हात बसणं, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. लेखकाला पहिलं सगळ्यात कठीण, कारण त्याला जे दिसतं ते सगळं कामाचंच असतं. कार्तिकातल्या बैठका आम्ही माडीवर भरवतच नाही. सोन्याचांदीची दुकानं मिटल्यावर सराफ्यात भेटतो, थंडीतले तळलेले गराडू, म्हणजे एक प्रकारचा कंद, खातो, त्यावर मसाला जरा जास्त मागून घेतो. त्या रात्री साहित्यावर बोलायचं नाही असा नियम आहे. तो दरवर्षी मोडतो, आणि बहुतेक वेळा बँकवाल्यांमुळे : त्यांच्या कादंबरीतल्या मामांनी इथे येऊन गराडू खाल्ले असते की भुट्ट्याचा कीस, यावर त्यांना सगळ्यांचं मत हवं असतं.