गोल्फ स्विंगमधील सैल लय

क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूपासून मागे निघतो तिथपासून परत येऊन चेंडूला लागेपर्यंत जो वेळ जातो, त्याला गोल्फमध्ये टेम्पो म्हणतात, मराठीत लय. त्या वेळेची बॅकस्विंग (क्लब मागे आणि वर नेणे) आणि डाउनस्विंग (तो खाली चेंडूवर आणणे) यांत जी वाटणी होते, तो ताल. बोलताना दोन्ही गोष्टी ‘टेम्पो’ या एकाच शब्दात खपवल्या जातात आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. सैल लय म्हणजे हळू स्विंग, असा अर्थ सर्रास घेतला जातो. प्रत्यक्षात सैल असावी लागतात ती मनगटे आणि खांदे, आणि घाई टाळायची ती वरच्या वळणावर, म्हणजे क्लब मागे जायचा थांबून पुढे यायला लागतो त्या क्षणी. चेंडूजवळ क्लबचे डोके पूर्ण वेगातच असते.

मोजमाप

अमेरिकेतील जॉन नोव्होसेल यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या स्विंगच्या चित्रफिती फ्रेम मोजून तपासल्या आणि २००४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. सेकंदाला ३० फ्रेम या हिशोबाने कुणाचा स्विंग २१ फ्रेम वर आणि ७ फ्रेम खाली, कुणाचा २४ आणि ८, कुणाचा २७ आणि ९ असा भरला. एकूण वेळ कमीजास्त, पण प्रमाण तीनास एक. २४-८ म्हणजे वर जायला ०.८ सेकंद आणि खाली यायला जेमतेम ०.२७ सेकंद, सगळा खेळ सव्वा सेकंदाच्या आत आटोपतो.

हौशी खेळाडूला ‘हळू घे’ हा सल्ला कायम मिळतो आणि तो बऱ्याचदा उलटतो. वर जायलाच एक सेकंदाहून जास्त लागला की क्लब वाटेत रेंगाळतो, स्नायूंतला ताण निघून जातो आणि उरलेला जोर हातांनी हिसका मारून भरून काढावा लागतो. एर्नी एल्सचा स्विंग पाहताना निवांत वाटतो, निक प्राइसचा झपाट्याचा. दोघांनीही मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या, स्पर्धा जिंकल्या. हिदेकी मात्सुयामा तर वर पोहोचल्यावर क्षणभर थांबल्यासारखा दिसतो आणि २०२१ ची मास्टर्स ही मेजर स्पर्धा त्याने याच स्विंगने जिंकली. तेव्हा दुसऱ्याच्या लयीची नक्कल करण्यात अर्थ नाही. स्वभावाने चटपटीत माणसाने २१-७ च्या आसपास राहावे, संथ माणसाने २७-९ च्या.

मोबाइलवर हे घरी मोजता येते. फोन समोरून, हातांच्या उंचीवर ठेवावा आणि सेकंदाला २४० फ्रेमचे स्लो मोशन घ्यावे. क्लबचे डोके मागे हललेली पहिली फ्रेम, वरच्या वळणाची फ्रेम आणि चेंडूला लागल्याची फ्रेम अशा तीन खुणा करायच्या. २४-८ ची लय इथे १९२ आणि ६४ अशी दिसेल. साध्या ३० फ्रेमच्या चित्रफितीवर भरवसा ठेवू नये: आठात एका फ्रेमची चूक झाली तरी प्रमाण बरेच हलते.

वळणावर काय होते

चांगल्या स्विंगमध्ये क्लब अजून मागे जात असतानाच कंबर लक्ष्याच्या दिशेने वळू लागते. तिच्यामागून छाती, मग दंड, शेवटी क्लब. प्रत्येक दुवा पुढच्याला ओढतो आणि वेग चढत जातो. ही साखळी जुळायला वरच्या वळणावर थोडी सवड लागते. ती दिली नाही तर हात कंबरेच्या आधी निघतात. मनगटांतला कोन वाटेतच सुटतो, क्लब बाहेरच्या बाजूने येतो, चेंडूवरून आतल्या बाजूला घसरतो आणि त्याचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उघडा, लक्ष्याकडे न वळलेला राहतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग उजवीकडे वळत जातो, हाच स्लाइस. कधी क्लब चेंडूच्या दोन-तीन इंच आधीच जमिनीत घुसतो. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी सुधारणा करणे हाताबाहेरचे असते.

जोराचा हिशोबही फसवा आहे. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब क्लबच्या, चेहऱ्याच्या मधोमध बसलेल्या चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या साधारण १.४८ पट असतो. समजा क्लबचा वेग ताशी १५० किलोमीटर आहे, तर चेंडू २२२ ने निघेल. जोर लावून क्लब १५८ वर नेला, पण चेंडू टोकाकडे लागून पट १.३८ वर आली, तर चेंडूचा वेग २१८ भरतो. घाम जास्त, अंतर कमी, वर चेंडू झुडपात.

पकड

लय बिघडायची सुरुवात बहुधा बोटांत होते. क्लब दहापैकी चार इतक्याच जोराने धरावा; टूथपेस्टची उघडी ट्यूब हातात आहे आणि पेस्ट बाहेर यायला नको, अशा बेताने. मूठ आवळली की हाताच्या पुढच्या भागाचे स्नायू ताठ होतात, मनगट वळेनासे होते आणि क्लबचा चेहरा वेळेवर बंद होत नाही.

सोलापूरच्या हवेत याची वेगळी अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, तळवे घामेजतात, क्लब निसटेल या धास्तीने मूठ आपोआप घट्ट होते आणि वरच्या वळणावर झटका येतो. खेळणाऱ्याला वाटते स्विंग बिघडला; बिघडलेली असते ती पकड. उन्हाळ्यात सराव सकाळी सहा ते आठ या वेळेत उरकावा, दोन हातमोजे आलटून पालटून वापरावेत, दर चार-पाच फटक्यांनी रबरी ग्रिप कोरडी पुसावी. तुळतुळीत झालेली ग्रिप बदलून टाकावी. पकड सैल करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय.

क्रिकेटमधून येणाऱ्यांची गोष्ट निराळी. टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलाला खालच्या हाताने ओढून हाणायची सवय असते. तिथे चेंडू अंगावर येतो, म्हणून घाई शहाणपणाची ठरते. इथे चेंडू जागेवर बसून वाट पाहतो. अशा खेळाडूने पंधरा दिवस पाय जोडून, सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने), पाऊण स्विंगच मारावा. पाय जुळलेले असताना हिसका दिला की तोल जातो, म्हणजे चूक कुणी सांगायची गरज उरत नाही.

टॉवेलचा सराव

सोलापुरी चादरीप्रमाणे इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि लय शिकायला त्याच्यासारखे साधन नाही. अंघोळीचा मोठा टॉवेल पिळून दोरासारखा करावा, एका टोकाला घट्ट गाठ मारावी, गाठ थोडी ओली करावी. दुसरे टोक क्लबसारखे दोन्ही हातांत धरून स्विंग घ्यायचा. मागे नेल्यावर गाठ पाठीवर टेकल्याचे जाणवले की मगच कंबर वळवायची. जमले तर टॉवेल शेवटपर्यंत ताणलेला राहतो आणि ‘सूं’ आवाज डाव्या पावलासमोर येतो. घाई केली तर टॉवेल मध्येच लुळा पडतो आणि आवाज उजव्या खांद्यापाशीच संपतो: वेग चेंडूपर्यंत पोहोचण्याआधी खर्च झाला. वीस फेऱ्या पुरेत. टॉवेल हलका असल्याने गच्चीवरही चालतो, फक्त ओल्या गाठीचा फटका मांडीला बसणार नाही एवढे पाहावे.

गच्ची मोकळी असेल तर हीच परीक्षा ड्रायव्हर उलटा धरून, म्हणजे डोक्याकडून पकडून, घेता येते.

मोजणी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमागाचा ठोका सारख्या अंतराने पडतो. स्विंगलाही तसाच सारखा ठोका लावायचा. असमान असते ती वाटणी. २४-८ च्या लयीसाठी मेट्रोनोम (सारख्या अंतराने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला २२५ ठोक्यांवर ठेवावा, २७-९ साठी २०० वर. पहिल्या ठोक्याला क्लब निघतो, चौथ्याला वर पोहोचतो, पाचव्याला चेंडू. इथे हमखास चूक होते ती गणिताची: ‘तीनास एक’ ऐकून लोक तिसऱ्या ठोक्यालाच वर पोहोचतात आणि प्रमाण दोनास एक होऊन बसते. अंतरे तीन हवीत, म्हणून ठोके चार.

इतक्या वेगाने आकडे तोंडात बसत नाहीत. त्याऐवजी ‘सो-ला-पु-रा-तून’ ही पाच अक्षरे सारख्या वजनाने म्हणावीत. ‘सो’ला निघायचे, ‘रा’ला वर, ‘तून’ला फटका. शेवटचे अक्षर ओरडून म्हटले की हातही ओरडतात, तेव्हा पाचही एका आवाजात.

जमीन आणि छोटे फटके

काळ्या मातीचे मोकळे रान उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखे होते. तिथे आयर्न मारताना क्लब उसळतो, मनगटाला हिसका बसतो आणि दुसऱ्या फटक्यापासून शरीर नकळत आखडते. खाली जाड मॅट घ्यावी किंवा चेंडू बुटक्या टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवावा. पावसाळ्यात हीच माती क्लबला चिकटते. तेव्हा नुसता टॉवेल बरा.

पटिंग (पटर या क्लबने चेंडू जमिनीवरून छिद्राकडे घरंगळवणे) आणि चिपिंग (जवळून मारलेला छोटा, कमी उंचीचा फटका) यांना तीनास एक लावू नये. तिथे प्रमाण दोनास एकच्या जवळ असते आणि अंतर बदलताना लय तशीच ठेवून स्ट्रोकची लांबी बदलतात. दोन फुटांचा पट असो वा वीस फुटांचा, पटर मागे जाऊन चेंडूला लागेपर्यंत जवळपास सारखाच वेळ घेतो.