एनक्रिप्टेड कनेक्शन: मधेच पकडणं आणि फोडणं

वेबसाईटच्या पत्त्यात एचटीटीपीएस असलं की आपला फोन आणि तिकडचा सर्व्हर यांच्यातला डेटा टीएलएस नावाच्या प्रोटोकॉलने एनक्रिप्ट होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात जातो. तो मधेच पकडता येतो का, तर हो, अगदी सहज, पण पकडणं वेगळं आणि वाचणं वेगळं, आणि बरेच जण इथंच गल्लत करतात. कोल्हापुरात सीबीएसजवळच्या लॉजचं फ्री वायफाय घ्या नाहीतर राजारामपुरीतल्या कॅफेचं, राउटर ज्याच्या हातात त्याला सगळी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे मिळतात, ते दाखवणारं वायरशार्क हे सॉफ्टवेअर चालू केलं की स्क्रीनवर ओळीच्या ओळी पळायला लागतात. त्यात कुठल्या साईटला गेलात ते बहुतेक वेळा दिसतं कारण कनेक्शन जोडताना साईटचं नाव सहसा उघडंच जातं, किती वाजता गेलात, किती डेटा वापरला हेपण कळतं. पासवर्ड, मेसेज, बँकेचा बॅलन्स मात्र नुसता कचरा दिसतो.

तो कचरा उलगडायला किल्ली लागते. डेटा एनक्रिप्ट करायची एईएस ही नेहमीची पद्धत, तिची १२८ बिटची किल्ली एकेक आकडा लावून शोधायची म्हटली तर जगातले सगळे कॉम्प्युटर कमी पडतील, म्हणून गणिताच्या वाटेला शक्यतो कोण जातच नाही. आजवर फुटलंय ते जुनं नाहीतर चुकीचं लिहिलेलं सॉफ्टवेअर. २०१४ च्या हार्टब्लीड प्रकरणात, टीएलएससाठी सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळं सर्व्हरची मेमरी एका वेळी ६४ केबीपर्यंत बाहेर यायची, कधी कधी त्यातच सर्व्हरची खाजगी किल्ली सापडायची.

खरी नाजूक जागा सर्टिफिकेटची, म्हणजे समोरची साईट खरी आहे या दाखल्याची. गुजरीत दागिना घेताना आपण सोनं वितळवून बघत नाही, हॉलमार्क बघतो, तसाच ब्राउझर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेवर विसंबून असतो. तीच संस्था हॅक झाली की संपला विषय. २०११ मध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या नेदरलँड्सच्या डिजिनोटार कंपनीचं हेच झालं, तिच्या नावाच्या खोट्या सर्टिफिकेटवर इराणमधल्या लोकांचं जीमेल मधल्यामधे वाचलं गेलं आणि ती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली. आपल्याकडंपण जुलै २०१४ मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या आयटी संस्थेच्या यंत्रणेतून गुगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेट निघालेली गुगलला सापडली, मग ती रद्द केली गेली. हे फार गंभीर होतं आणि आपल्याकडं त्याची म्हणावी तेवढी चर्चा झाली नाही.

याहून रोजचा प्रकार म्हणजे ऑफिसचा कॉम्प्युटर. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत आयटीवाल्यांनी फायरवॉलचं, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरच्या पहारेकऱ्याचं रूट सर्टिफिकेट मशीनमध्ये टाकलं असेल, म्हणजे त्याने दिलेली सर्टिफिकेट खरी मानायला मशीनला सांगितलं असेल, तर फायरवॉल प्रत्येक कनेक्शन स्वतःपाशी उघडतो, वाचतो, परत एनक्रिप्ट करून पुढं पाठवतो आणि ब्राउझर एका शब्दाने तक्रार करत नाही. पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा, ते कुणी दिलंय तिथं नेहमीच्या संस्थेऐवजी फायरवॉलचं किंवा कंपनीचं नाव दिसलं तर तिथनं बँकेत लॉगिन करू नका, घरी जाऊन स्वतःच्या फोनवर करा. आणि कुठल्याही वायफायवर सर्टिफिकेटची वॉर्निंग आली की 'तरीही पुढे जा' दाबायचंच नाही, कारण चोराला लागणारी परवानगी तीच असते.

आज पकडलेला डेटा साठवून पुढं क्वांटम कॉम्प्युटर आल्यावर फोडायचा ही भीतीपण खरी आहे. किल्ली ठरवायच्या जुन्या पद्धती गणितज्ञ पीटर शोरच्या क्वांटम कॉम्प्युटरसाठीच्या १९९४ च्या अल्गोरिदमपुढं टिकणार नाहीत, म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला तोंड देणाऱ्या नव्या पद्धतीचं स्टँडर्ड काढलं, आणि क्रोमने त्याच वर्षी जुनी आणि नवी पद्धत एकत्र वापरायला सुरुवातपण केली.