‘त्रिशूल’ची पार्श्वभूमी : बापाविरुद्ध टेंडर

मे 1978 मध्ये ‘त्रिशूल’ झळकला तोवर हिंदी सूडपटाचा साचा पक्का झाला होता. 1973 मधल्या ‘जंजीर’ आणि ‘यादों की बारात’ या दोन्हींचे लेखक सलीम-जावेद. दोन्हींत आईवडिलांचा खून, तो डोळ्यांदेखत पाहणारं पोर आणि मोठेपणी खुन्याचा माग. वैरी मात्र घराबाहेरचा. ‘दीवार’मध्ये (1975) भांडण घरात शिरलं, भावाभावांत. त्यानंतर तीच मंडळी, म्हणजे दिग्दर्शक यश चोप्रा, निर्माते गुलशन राय, लेखक सलीम-जावेद आणि अमिताभ-शशी कपूर, पुन्हा एकत्र आली आणि या वेळी वैरी ठरला खुद्द जन्मदाता.

राजकुमार गुप्ता (संजीव कुमार) गरोदर शांतीला (वहिदा रेहमान) सोडून श्रीमंताची मुलगी करतो. साहिर लुधियानवींनी लिहिलेल्या ‘तू मेरे साथ रहेगा मुन्ने’ या गाण्यात शांती पोराला वाढवतावाढवताच सूडासाठी तयार करते. अंगाईच्या वळणाचं हे गाणं ऐकायला गोड, पण त्यातला मजकूर अंगावर येतो. खाणीत सुरुंगाची बत्ती पेटवून शांतपणे चालत येणारा तिचा मुलगा विजय (अमिताभ) आईच्या मृत्यूनंतर दिल्ली गाठतो आणि बापाच्याच बांधकाम धंद्यात उतरतो.

खिशात दमडी नसताना तो गुप्ताकडून पाच लाखांचा प्लॉट घेतो. तो गुंडाच्या ताब्यात असल्याने विकला जात नसतो. कब्जा घ्यायला जाताना विजय अ‍ॅम्ब्युलन्स सोबत नेतो, स्वतःसाठी नव्हे, मार खाणाऱ्यांसाठी! पुढे ‘शांती कन्स्ट्रक्शन’ उभी राहते, गुप्ताच्या टेंडरचे आकडे आतून फुटतात, आळ निर्दोष सेक्रेटरी गीतावर (राखी) येतो, तिची नोकरी जाते आणि विजय तिला आपल्याकडे घेतो. सलीम-जावेदची खरी करामत इथे दिसते. गोळी न झाडता बाप कंगाल होत जातो.

पात्रनिवड वयाच्या हिशेबात बसत नाही. संजीव कुमार अमिताभपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठे, तर वहिदा दोनच वर्षांपूर्वी ‘कभी कभी’त अमिताभची बायको झाल्या होत्या. तरी बापलेकाचे प्रसंग पडत नाहीत, कारण संजीव कुमार म्हातारपण रंगवण्याऐवजी मालकी हक्काची गुर्मी दाखवतात.

संगीत खय्याम यांचं. ‘कभी कभी’च्या यशानंतर चोप्रांनी त्यांनाच घेतलं, पण तो हळवा बाज सगळीकडे जमत नाही. ‘गापूची गापूची गम गम’ हे आपल्या सचिन पिळगावकरांवर आणि पहिल्याच चित्रपटात दिसणाऱ्या पूनम ढिल्लनवर चित्रित झालेलं गाणं लोकप्रिय झालं खरं, पण सूडाची गती तिथे तुटते.

शेवटही सैल पडतो. इतका वेळ कागदोपत्री चाललेलं वैर अपहरण आणि हाणामारीवर येतं आणि विजयवर झाडलेली गोळी गुप्ता स्वतःच्या अंगावर झेलतो. तमिळमध्ये या कथेवर रजनीकांत आणि सत्यराज यांचा ‘मिस्टर भारत’ (1986) निघाला.