कॉटनवूडची विरळ वने : वालुकागिरींमधील पाणथळ जागा

वाळवंटातील वालुकागिरींच्या (वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांच्या) मधल्या सखल, ओलसर तळांवर कॉटनवूड वृक्षाभोवती जमणारा वनस्पतिसमुदाय. अमेरिकेच्या पश्चिम भागात तो तुरळक आढळतो. न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स राष्ट्रीय उद्यानात त्याचे स्वरूप सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून ही नोंद मुख्यतः तेथील वनांविषयी आहे.

‘कॉटन’ म्हणजे बियांना चिकटलेला पांढरा तंतू. कापूस किंवा काटेसावर यांच्याशी या झाडाचे नाते नाही. ते वाळुंजाच्या कुळातले (सॅलिकेसी) आहे. व्हाइट सँड्समधील झाड म्हणजे रिओ ग्रँड कॉटनवूड, शास्त्रीय नाव पॉप्युलस डेल्टॉइडिस, उपजाती विस्लिझेनी. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला स्वतंत्र जाती मानतात. याच जातीचे, पण वेगळ्या उपजातीचे पॉप्लर पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात प्लायवूडसाठी लावतात.

पाणी कोठून येते

व्हाइट सँड्स तुलारोसा खोऱ्यात, सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. खोरे बंदिस्त आहे. त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. वर्षाचा पाऊस जेमतेम २५ सेंटिमीटर. डोंगरांतून विरघळून आलेले जिप्सम (एक मऊ पांढरे खनिज) खोऱ्याच्या तळाशी साठते, त्याचे स्फटिक फुटून वाळू होते आणि नैऋत्येचे वारे तिचे ढिगारे करतात. सुमारे ७०० चौरस किलोमीटरच्या या पांढऱ्या पसाऱ्याखाली भूजल अगदी उथळ आहे. गिरींमधल्या तळांवर ते बऱ्याच ठिकाणी मीटरभर खोलीवर लागते, आणि जोराचा पाऊस झाला की तळांत पाणी साचूनही राहते. केशाकर्षणाने वर चढणारी ओल तळाची वाळू धरून ठेवते. पातळी खाली गेली तर झाडे वाळतीलच, शिवाय कोरडी झालेली वाळूही वाऱ्यावर जाईल. इथे झाड आणि जमीन दोन्ही त्याच पाण्यावर उभी आहेत.

समुदायाची रचना

वृक्षांचे शेंडे एकमेकांना भिडत नाहीत, त्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोचते. वर्गीकरणात समुदायाचे नाव वरच्या थरातील प्रमुख जाती, तिरकी रेघ, मग खालच्या थरातील प्रमुख जाती असे लिहितात. म्हणून एकाच कॉटनवूडखाली वेगवेगळे समुदाय नोंदले जातात. खालच्या थरात आंबा-काजूच्या कुळातील स्कंकबुश, चाकवताच्या नात्यातील फोरविंग सॉल्टबुश, तुळशीच्या कुळातील रोझमेरी मिंट आणि रॅबिटब्रश ही झुडपे येतात. अल्कली सॅकाटन हे गवत झुबक्यांनी वाढते. सॉल्टग्रास जास्त ओल्या, खारट जागी पसरते. तळ किती खारट आणि किती ओला आहे, हे गवतांवरून बऱ्यापैकी ओळखता येते.

गाडले जाऊनही जगणे

गिरी सरकतात. काही गिरी वर्षाला नऊ-दहा मीटर पुढे जातात, तर कडेचे, झाडोऱ्याने अडवलेले अन्वस्ताकार (इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे वाकलेले) गिरी फार सावकाश. वाळू खोडावर चढली की कॉटनवूड वरच्या खोडातून आगंतुक मुळे (खोडालाच फुटणारी नवी मुळे) काढते आणि शेंडा वाढवत राहते. थोडी पाने जरी वर उरली तरी झाड तगते. वाळूत दिसणारे तीन-चार ठेंगणी रोपे म्हणजे पुष्कळदा एकाच गाडलेल्या वृक्षाच्या फांद्या असतात. जिप्सम पाण्यात विरघळते आणि वाळताना पुन्हा घट्ट बसते, त्यामुळे मुळांभोवतीची वाळू दगडासारखी आवळली जाते. गिरी पुढे सरकला की या आवळलेल्या वाळूचा खांब उभा राहतो. तो वरून भक्कम दिसला तरी ठिसूळ असतो. त्यावर चढल्यास झाडच कोसळते.

पाहणी करणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते. छातीच्या उंचीवर गिरमिटाने काढलेल्या नमुन्यातली वर्तुळे झाडाचे खरे वय सांगत नाहीत, कारण मूळचा बुंधा वाळूत कित्येक मीटर खाली असू शकतो. गाडलेल्या फांद्या स्वतंत्र झाडे म्हणून मोजल्या तर संख्याही फुगते.

नवी रोपे का मिळत नाहीत

नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुटते आणि फार तर दोन-तीन आठवडेच उगवणक्षम राहते. त्या काळात त्याला उघडी, ओली, मोकळ्या उन्हाची माती मिळावी लागते. त्यानंतर पाण्याची पातळी दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटरांहून जास्त वेगाने उतरली तर कोवळी मुळे मागे पडतात आणि रोप मरते. असा योग क्वचित जुळतो, म्हणून एका वनात अनेकदा एकाच वयाची झाडे दिसतात. मोठ्या झाडांना पाणी कमी पडले की खोडातील जलवाहिन्यांत हवा शिरते आणि शेंड्याकडच्या फांद्या वाळतात. पाने झडल्यावर नव्हे, तर ऐन हंगामात वाळलेल्या फांद्या मोजल्यानेच ऱ्हास लवकर कळतो. सोबत छिद्रांचा पाइप जमिनीत बसवून दरमहा भूजलपातळी नोंदवावी.

झाऊ आणि उपाय

बाहेरून आणलेला झाऊ (टॅमॅरिस्क हे झुडूपवजा झाड) खारट जमीन, आग आणि खोल गेलेले भूजल सारे सोसतो. नुसता तोडला तर बुंध्यापासून पुन्हा फुटतो. तोडल्यावर काही मिनिटांतच ताज्या कापावर तणनाशक लावावे लागते.

रिओ ग्रँड नदीकाठी कॉटनवूड परत आणण्यासाठी खांब लावतात. पानगळीनंतर, कळ्या फुटण्यापूर्वी, ३ ते ५ मीटर लांबीच्या फांद्या तोडून सुमारे दहा दिवस पाण्यात भिजवतात. मग उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या भूजलपातळीपर्यंत भोक पाडून त्या उभ्या करतात. भोकात पोकळी राहिली तर मुळे फुटत नाहीत. भोक वसंतातली पातळी पाहून पाडले तर जून-जुलैत खांब वाळतो. पाणी खारट निघाले तर लागवड सोडून द्यावी.

कोलोरॅडोतील ग्रेट सँड ड्यून्स येथे अरुंद पानांचे कॉटनवूड मेडॅनो ओढ्याच्या काठाने गिरींलगत वाढते. तेथील भूजल खोऱ्याबाहेर नेण्याच्या योजनेविरुद्ध स्थानिकांनी दिलेल्या लढ्यातून २००० साली कायदा झाला आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.