काजवे किती वेळ चमकले?

डोळ्यांपुढे काजवे चमकले, वाचताना अर्धी अक्षरं दिसेनाशी झाली, मग डोकं ठणकायला लागलं. घरात याचं निदान बहुधा 'पित्त' असं होतं, फार तर 'मायग्रेन'. पण डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे मेंदूचं दृष्टीचं काम चालतं, तिथून सुरू होणारी फिटही जवळजवळ अशीच येऊ शकते. फिट म्हटलं की हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस एवढंच आपल्याला आठवतं, आणि कुणीतरी कांदा फोडायला धावतं (त्याचा काडीचाही उपयोग नसतो). या फिटमध्ये मात्र माणूस बऱ्याचदा शुद्धीवर असतो. ती ओसरल्यावर पुष्कळांचं डोकंही दुखतं, आणि इथेच फसगत होते.

म्हणून न्यूरॉलॉजिस्ट खोदून खोदून विचारतात: किती वेळ? 'थोडा वेळ' हे उत्तर त्यांना पुरत नाही. सेकंद की मिनिटं, यावर बरंच काही ठरतं.

याची मुळं १९४१ सालात सापडतात. कार्ल लॅशली या अमेरिकी शास्त्रज्ञाला स्वतःलाच मायग्रेनचा त्रास होता. नजरेत उमटणारी चकाकती, नागमोडी रेघ तो कागदावर काढून ठेवायचा. ती नजरेच्या मध्याजवळ उमटे, हळूहळू कडेकडे सरके आणि मागे आंधळा पट्टा सोडत जाई. त्यावरून त्याने हिशोब मांडला: मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकत असणार. १९४४ मध्ये आरिस्टिडेस लेआंव या तरुण ब्राझिलियन संशोधकाने हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूत तशीच एक लाट प्रत्यक्ष पाहिली. गंमत म्हणजे तो अभ्यास करत होता फिटचा. विजेच्या झटक्याने पेशी खवळतील असं त्याला वाटलं होतं; उलट शांततेची एक लाट गोगलगायीसारखी पसरत गेली. लॅशलीची रेघ आणि ही लाट यांचे वेग जुळतात हे लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली.

लाटच संथ, म्हणून मायग्रेनचा ऑरा (डोकं दुखण्याआधीची ही चकाकी, मुंग्या वगैरे लक्षणं) मिनिटामिनिटाने वाढतो आणि ५ ते ६० मिनिटं टिकतो. फिटमध्ये पेशी एकदम उसळतात, सगळा खेळ बहुधा २-३ मिनिटांत आटोपतो. मायग्रेनची नक्षी सहसा बिनरंगी, किल्ल्याच्या तटासारखी दातेरी. फिटमध्ये दिसतात ते रंगीत गोळे किंवा वर्तुळं, पुन्हा पुन्हा त्याच बाजूला, कधी दिवसातून अनेकदा. मुंग्यांचंही तसंच. मायग्रेनमध्ये त्या बोटांपासून ओठांपर्यंत रेंगाळत चढतात, फिटमध्ये सेकंदांत.

पण 'सहसा' हा शब्द उगाच वापरलेला नाही. रंगीत मायग्रेनही असतं, आणि घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. लहान मुलांत तर घड्याळही दगा देतं. पानायोटोपुलोस सिंड्रोम नावाच्या प्रकारात मूल झोपेतून उठतं, पांढरंफटक पडतं, ओकतं, डोळे एका बाजूला वळतात, आणि ही फिट कधी अर्ध्या तासाहून जास्त चालते. बाहेरचं खाल्लं असेल म्हणून ती सोडून दिली जाते. अशा वेळी घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लाखमोलाचा ठरतो.

'ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढला की कळेल' असं अनेकांना वाटतं. पण दोन फिटांच्या मधल्या काळात तो अगदी नॉर्मल येऊ शकतो. उलट, कधीच फिट न आलेल्या माणसाच्या आलेखातही एखादी टोकदार लाट दिसते, आणि घाईने वाचणारा तिच्यावरून शिक्का मारून मोकळा होतो. माझ्या मते हा दुसरा धोका जास्त वाईट. कारण त्या शिक्क्याची किंमत मोठी आहे: वाहन परवान्याच्या अर्जातच फिट येते का हे विचारलेलं असतं, आणि हिंदू विवाह कायद्यात तर १९९९ पर्यंत वारंवार येणारी फिट लग्नाच्या आड येत होती.

बरं, औषध देऊन बघावं, तर टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही औषधं दोन्ही दुखण्यांवर चालतात. गुण आला तरी नेमकं काय बरं झालं ते कळत नाहीच. शिवाय व्हॅल्प्रोएटमुळे पोटातल्या बाळात व्यंग येण्याचा धोका मोठा. तेव्हा मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते 'देऊन बघू' म्हणून देता येत नाही.